परत आलेले तेरा किलो आणि एका वर्षाचे आव्हान

साधारण चार वर्षांपूर्वी मी आठ-नऊ महिन्यांत चौदा किलो वजन कमी केले होते. पुढच्या दोन वर्षांत त्यांपैकी तेरा किलो परत आले. माझे वय ४६ आहे, उंची १५५ सेंटिमीटर आहे, मी बेळगावात अनगोळला राहते आणि एका क्रेडिट सोसायटीत रोखपाल म्हणून सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत एकाच खुर्चीवर बसून काम करते. वजन ७९ वरून ६५ वर उतरले होते, ते पुन्हा ७८ वर गेले. वजन कसे कमी केले हे सांगणारे अनुभव आपल्याकडे भरपूर वाचायला मिळतात; परंतु उतरलेले वजन परत आल्यानंतर दुसऱ्यांदा सुरुवात करणाऱ्याने काय करावे, याबद्दल कोणी सविस्तर लिहिलेले मला त्या काळात सापडले नाही, आणि त्या लेखनाची मला फार गरज होती. म्हणून गेल्या मार्गशीर्षापासून मी स्वतःपुढे जे आव्हान ठेवले आहे, त्याची हकीकत येथे लिहीत आहे.

पहिल्यांदा वजन उतरले तेव्हा लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, बाजारात भेटणारी प्रत्येक बाई मला काय खाता, किती चालता हे विचारत असे. बेळगाव कितीही वाढले तरी शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांतली माणसे एकमेकांना नावानिशी ओळखतात, त्यामुळे कोणाच्या अंगावर काय चढले आणि काय उतरले हे लपून राहत नाही. पुढे वजन परतू लागल्यावर त्याच मंगल कार्यालयात, त्याच पंगतीत एका नात्यातल्या बाई म्हणाल्या, “पहिल्यासारख्याच झालासा की वहिनी.” त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, तरीही त्या दिवशी मला घास गिळवला नाही. ब्लाऊजच्या शिलाईत शिंप्याने सोडलेली माया मी एकेक करून उसवत गेले, आणि जेव्हा उसवायला काही उरले नाही तेव्हा कार्यक्रमांना जाणे टाळू लागले. वजन परत आलेल्या माणसाला सर्वांत आधी ग्रासते ती लाज, आणि ती लाजच दुसऱ्या सुरुवातीच्या आड येते, हे मला त्या काळात कळले.

सुरुवात झाली ती रक्ताच्या तपासणीने. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा एचबीएवनसी ६.१ आला. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहपूर्व अवस्थेचा मानला जातो. आमच्या डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी करून घेतली, ती व्यवस्थित निघाली. मग टेप घेऊन कंबर मोजली, ती ९८ सेंटिमीटर भरली. भारतीय स्त्रियांसाठी ही मर्यादा ८० आणि पुरुषांसाठी ९० धरतात. वजन आणि उंचीच्या गुणोत्तरावरून काढलेला बीएमआय जगभर ३० च्या पुढे गेला की स्थूलता म्हणतात, पण भारतीयांसाठी ती रेषा २५ वर ओढलेली आहे, कारण सारख्याच वजनाला आपल्या शरीरात चरबीचे, विशेषतः पोटातल्या चरबीचे, प्रमाण अधिक असते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दिसायला सडपातळ पण चरबीने जास्त अशा भारतीय शरीरावर केलेले काम या बाबतीत प्रसिद्धच आहे. माझा बीएमआय ३२ च्या वर होता, म्हणजे दोन्ही मापांनी मी रेषेपलीकडे होते.

डॉक्टरांनी त्यानंतर विचारलेला एकच प्रश्न मला दिशा देऊन गेला. त्यांनी विचारले, “पासष्टला पोचल्यावर पुढं काय करायचं, ते तुम्हाला कुणी सांगितलं होतं काय?” पहिल्यांदा वजन उतरवताना मी वजन कमी करण्याच्या ज्या केंद्रात जात होते तिथे दर आठवड्याला वजन लिहायची एक वही मिळत असे, आणि त्या वहीत ६५ नंतरचे पानच नव्हते. रोजचा आहार हजार कॅलरींच्या आसपास, भात पूर्ण बंद, रात्री पावडरचे पेय, आणि ठरलेला आकडा आला की शुल्क संपले व संबंध संपला. पुढे सासऱ्यांचे दीर्घ आजारपण आले, रात्री रुग्णालयात काढाव्या लागल्या, चालणे थांबले. तरीही मला वजन परत येण्याचे सारे खापर त्या आजारपणावर फोडता येत नाही, कारण शरीर स्वतःच वजन परत खेचून आणत होते, हे मी नंतर वाचून समजून घेतले.

२०११ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सुमारे पन्नास स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींच्या आहारावर ठेवले. त्यांचे सरासरी साडेतेरा किलो वजन उतरले. वजन उतरताना पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिनसारखे संप्रेरक घटले आणि भूक चेतवणारे घ्रेलिन वाढले, हे अपेक्षितच होते. पण वर्ष उलटून गेल्यावरही ही संप्रेरके पूर्वपदावर आली नव्हती आणि त्या माणसांची भूक वाढलेलीच होती. २०१६ साली अमेरिकेतून आलेला दुसरा अभ्यास तर मी दोनदा वाचला. दूरचित्रवाणीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेत उतरलेल्या चौदा जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते, आणि तरीही स्वस्थ बसलेले असताना त्यांचे शरीर दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. पाचशे कॅलरी म्हणजे आमच्या घरचे रात्रीचे एक पूर्ण जेवण. हे वाचल्यावर माझ्या मनातली लाज एकदम गेली असे म्हणणार नाही, परंतु ती सैल झाली. मी रात्री दहा वाजता भुकेने अस्वस्थ होऊन स्वयंपाकघरात उभी राहत असे, ती माझ्या चारित्र्यातली उणीव नव्हती. दुष्काळाची सवय असलेल्या मानवी शरीराने चालू ठेवलेली ती राखण होती.

आणखी एक गोष्ट समजली, ती मला त्याहूनही महत्त्वाची वाटते. झपाट्याने, कमी प्रथिनांवर आणि व्यायामाशिवाय वजन उतरवले तर जाणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो; साधारण एक चतुर्थांश, कधी त्याहून अधिक. वजन परत येते तेव्हा मात्र मुख्यतः चरबी येते. म्हणजे आधीचे ७९ आणि नंतरचे ७८ ही काट्यावर जवळजवळ सारखी दिसणारी वजने शरीराच्या दृष्टीने सारखी नव्हती. जिने चढताना पूर्वीपेक्षा अधिक धाप का लागते, रोखीची पेटी उचलताना हात का थरथरतात, याचे उत्तर मला इथे मिळाले. दुसऱ्यांदा सुरुवात करणाऱ्याने आधी गमावलेली ताकद परत मिळवायची असते आणि मग वजनाकडे पाहायचे असते, हे माझे मत तेव्हापासून पक्के झाले.

म्हणून आव्हान आखताना मी किलोचे लक्ष्य ठेवले नाही. वर्षभराचे आव्हान ठरवले आणि त्याचे दोन भाग पाडले. पहिले चार महिने, मार्गशीर्षाच्या अखेरीपासून चैत्राच्या अखेरीपर्यंत, ताकद आणि दम वाढवण्याचे. त्याच्या शेवटी बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातून राजहंसगड या किल्ल्यावर मध्ये कुठेही न थांबता पायी चढायचे. उरलेले आठ महिने जे मिळवले ते टिकवण्याचे. टिकवण्याचा काळ मिळवण्याच्या काळाच्या दुप्पट असला पाहिजे, हा या आव्हानाचा गाभा होता. लोक शंभर दिवसांची आव्हाने घेतात, एकशे एकाव्या दिवशी मिठाई वाटतात आणि तिथेच घसरण सुरू होते. मला गडावर पोचण्याचा दिवस आव्हानाच्या मध्याच्याही आधी यायला हवा होता, म्हणजे त्या आनंदानंतरचा काळ आखणीच्या बाहेर राहणार नव्हता. शिवाय आमच्या भागात जूनपासून जो पाऊस लागतो, त्यात बाहेरचे चालणे दिवसेंदिवस बंद पडते. पावसाळा, यात्रा, गणपती, दिवाळी हे सगळे ज्यात येऊन जाईल असे पूर्ण वर्ष घेतल्याशिवाय कोणतीही सवय इथल्या माणसाच्या अंगवळणी पडली की नाही, हे कळत नाही.

किमान मर्यादा मी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांवरून घेतली: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. यांतली १५० मिनिटे आणि दोन दिवस ही खालची रेषा मी अढळ मानली. वरची मर्यादा मुद्दाम ठेवली नाही, पण एखाद्या आठवड्यात अधिक केले म्हणून पुढच्या आठवड्यात कमी करायचे नाही, असे ठरवले.

व्यायामाची सुरुवात खुर्चीपासून झाली. गुडघे दुखत असल्यामुळे डॉक्टरांनी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवले होते. त्यांनी एका साध्या खुर्चीवर बसवून, दोन्ही हात छातीशी आडवे धरायला लावून, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजले. माझी संख्या नऊ आली. साठी ओलांडलेल्या स्त्रियांसाठीही बाराच्या खालची संख्या कमी समजतात, हे त्यांनी मला शांतपणे सांगितले. मग त्यांनी खुर्चीवर एक जाड उशी ठेवली, म्हणजे बैठक उंच झाली आणि गुडघ्यांवरचा भार घटला. पावले खांद्यांइतक्या अंतरावर, टाचा जमिनीला घट्ट, गुडघे आत न वळता पायाच्या बोटांच्या दिशेने. उठताना श्वास सोडायचा आणि बसताना मनात तीन मोजत सावकाश टेकायचे, धपकन बसायचे नाही. या सावकाश बसण्यातच मांडीच्या पुढच्या स्नायूंचे खरे काम असते, आणि उतार उतरताना गुडघा सांभाळणारे स्नायूही तेच. दोन-अडीच आठवड्यांनी उशी काढली, त्यानंतर काही काळाने छातीशी पाच किलो तांदळाची पिशवी धरून तेच केले. येळ्ळूरच्या शेतातून दरवर्षी आमच्याकडे येणारा हा तांदूळ पहिल्या केंद्रात मला पूर्ण वर्ज्य होता. या वेळी तो ताटातही राहिला आणि व्यायामातही आला.

त्याच्या जोडीला भिंतीला हात टेकून दंड, पायरीवर चढउतार, टाचा उचलणे आणि पाण्याने भरलेले दोन कॅन हातात घेऊन घराच्या व्हरांड्यात चालणे, एवढेच होते. बेळगावच्या मातीत तालमींची परंपरा मोठी आहे, माझे आजोबा जोर-बैठका काढत असत, पण आमच्या पिढीतल्या बायकांना ताकदीचा व्यायाम कोणी शिकवलाच नाही. आम्हाला सांगितले गेले ते फक्त चालणे आणि कमी खाणे. चाळिशीनंतर स्नायू आपोआप घटू लागतात आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास हाडेही विरळ होऊ लागतात, अशा वयात हे शिक्षण प्रत्येक घरातल्या बाईपर्यंत पोचायला हवे, असे मला तळमळीने वाटते.

चालण्यासाठी मी टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत जाऊ लागले. जुन्या मोठ्या झाडांखालची ती मोकळी जागा बेळगावकरांच्या पहाटेच्या फिरण्याची आहे, आणि मार्गशीर्ष-पौषातल्या थंडीत तिथे धुके जमिनीलगत असते. वेग ठरवण्यासाठी घड्याळाची गरज पडली नाही. सोबतच्या माणसाशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, तो मध्यम वेग. चालून वजन किती उतरेल याचा हिशेब मी सुरुवातीलाच करून ठेवला होता. माझ्या वजनाचा माणूस एक किलोमीटर चालला तर साधारण ५५ कॅलरी खर्च होतात, आणि एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे नुसत्या चालण्याने एक किलो घटवायचा तर १४० किलोमीटर चालावे लागेल. बेळगावहून कोल्हापूरपर्यंत पायी गेले तरी ते अंतर भरत नाही. हा हिशेब काही जणांना निराश करतो. मला त्याने मोकळे केले, कारण चालण्याकडून वजन घटवण्याची अपेक्षाच मी काढून टाकली. चालण्याचे खरे मोल टिकवण्यात आहे. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी किमान साडेतेरा किलो कमी करून ते वर्षभर तरी टिकवले आहे. त्यांच्यातले जवळपास ९० टक्के लोक दिवसाला सरासरी तासभर शारीरिक हालचाल करतात आणि सुमारे ७५ टक्के लोक आठवड्यातून एकदा तरी वजन पाहतात. दूरचित्रवाणीवरच्या ज्या स्पर्धकांचा उल्लेख वर केला, त्यांच्यातही पुढे वजन टिकवलेल्यांची हालचाल इतरांपेक्षा अधिक होती.

पहिल्या काही आठवड्यांत माझे वजन घटले नाही, उलट सुमारे एक किलोने वाढले. पहिल्यांदा असे झाले असते तर मी खचले असते. या वेळी कारण माहीत होते: नव्याने राबवलेल्या स्नायूंची दुरुस्ती चालू असताना त्यांत पाणी साठते, आणि स्नायूंत साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवणीतल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरले जाते. कडक आहाराच्या पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो झटकन उतरतात, तेही बहुतांशी हेच पाणी असते. खारट जेवण, मासिक पाळी, अपुरी झोप, यांपैकी कशानेही काटा एका रात्रीत किलोभर हलतो. म्हणून मी आठवड्यातून तीन सकाळी वजन पाहून त्यांची सरासरी लिहू लागले आणि महिन्यातून एकदा कंबर मोजू लागले. वजन स्थिर असताना कंबर दोन सेंटिमीटरने कमी झालेली पहिल्यांदा दिसली तेव्हा मी टेप पुन्हा लावून पाहिली, नवऱ्यालाही बघायला लावले.

आहाराच्या बाबतीत मोठा बदल केला तो प्रथिनांचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. माझे वय आणि व्यायाम पाहून आहारतज्ज्ञांनी मला रोज ६५ ग्रॅमच्या आसपास पोचायला सांगितले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट आमटीत सहा-सात ग्रॅम, हे कळल्यावर आमच्या नेहमीच्या ताटात किती कमी पडत होते ते लक्षात आले. सकाळी दोन अंडी, दुपारी एक वाटी भातासोबत दोन वाट्या मसुराची घट्ट आमटी आणि दही, संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे, रात्री जोंधळ्याची एक भाकरी आणि मटकीची उसळ किंवा मासे, अशी बसवणूक झाली. दिवसाच्या गरजेपेक्षा तीनशे कॅलरींपेक्षा अधिक तूट पडू द्यायची नाही, हा नियम होता, कारण मोठी तूट म्हणजे मोठी भूक, आणि ती भूक पुढे वर्षभर वसुली करत राहते. तरीही सासूबाई ताटाकडे पाहून रोज विचारत, “एवढ्यावर पोट भरतंय काय गे तुझं?” त्यांना मी आकडे सांगितले नाहीत, त्यांच्याही आमटीची वाटी मोठी केली आणि रात्रीच्या भाताऐवजी भाकरी वाढली. त्यांना तो बदल मानवला, आणि ताटाबद्दलची विचारणा बंद झाली.

आमच्या सीमाभागातल्या माणसाच्या आहाराची खरी परीक्षा गावच्या यात्रेत होते. उन्हाळ्यात खानापूर, बेळगाव तालुक्यातल्या कोणत्या ना कोणत्या गावी यात्रा असते, आषाढात वडगावच्या मंगाई देवीची यात्रा असते, आणि घरी आलेला पाहुणा न जेवता जाणे हा यजमानाला अपमान वाटतो. एका दिराने तर आधीच बजावले होते, “यात्रेला आल्यावर नको म्हणायचं नाही बघा वहिनी.” मी नको म्हणालेच नाही. यात्रेच्या दिवशी ताटात येईल ते आनंदाने खायचे, फक्त त्या दिवशी दुसरे जेवण साधे ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी उपास न करता नेहमीचे ताट व नेहमीचे चालणे चालू करायचे, एवढेच ठरवले होते. उपासाने भरपाई करण्याची पद्धत मी पूर्वी वापरली होती. तिने चौथ्या दिवशी जी भूक लागते तिला आवर घालणे माझ्या आवाक्यातले नाही, म्हणून ती यावेळी बाजूला ठेवली. कुंदा आणि मांडे हे बेळगावचे गोड पदार्थ घरात साठवून ठेवायचे नाहीत, पण कोणाच्या घरी प्रेमाने समोर आले तर नाकारायचे नाहीत, हेही त्यातच आले.

चैत्र संपत आला तेव्हा एका रविवारी पहाटे नवरा, मुलगा आणि मी येळ्ळूरला गेलो. गावातून गडाकडे जाणारा रस्ता सुरुवातीला सौम्य आहे, पुढे वळणावळणाने चढ वाढत जातो. मी चढाला पावले लहान केली, कमरेतून न वाकता छाती उघडी ठेवली आणि मुलाशी बोलत राहिले, कारण बोलणे थांबले की वेग जास्त झाला, हीच माझी खूण होती. शेवटच्या चढावर बोलणे थांबले, पण पाय थांबले नाहीत. वर पोचले तेव्हा सिद्धेश्वराच्या देवळासमोर वारा होता, २०२३ साली उभारलेला शिवरायांचा भव्य पुतळा उन्हात स्पष्ट दिसत होता आणि खाली येळ्ळूरचे शिवार कोरडे, पिवळे पडलेले होते. मी रडले, हे लपवण्याचे कारण नाही. त्या दिवशी माझे वजन ७४ होते, म्हणजे केंद्राच्या हिशेबाने मी अजून कितीतरी मागे होते. परंतु ६५ किलोची असताना मला हा चढ न थांबता चढता आला नसता, याची मला खात्री आहे. उतरताना गुडघे दुखले नाहीत, ते सावकाश खुर्चीवर टेकण्याचे फळ होते.

त्यानंतर आव्हानाचा मोठा भाग सुरू झाला, आणि तो खरोखरच अधिक कठीण निघाला. चढाईसारखे डोळ्यांसमोर काही नव्हते, वजन महिना महिना तिथेच राहू लागले, कौतुक करणारे कमी झाले. जूनमध्ये पाऊस लागला. व्हॅक्सिन डेपोतली मातीची वाट निसरडी झाल्यावर मी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फेऱ्या घातल्या आणि जिने चढले. पार्किंगमधले चालणे कंटाळवाणे असते. ते सुसह्य व्हावे म्हणून शेजारच्या एका काकींना सोबत घेतले, आणि त्या दारावर येऊन हाक मारत असल्यामुळे न जाण्याचे कारण उरले नाही. सोबतीचे महत्त्व मी आधी कमी लेखत नव्हते, पण पावसाळ्यात ते किती आहे हे अनुभवले. आषाढात मला आठवडाभर ताप आला. ताप असताना व्यायाम करायचा नाही, हे फिजिओथेरपिस्टनी आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे मन शांत होते. उठल्यावर वजन दीड किलोने कमी भरले आणि घरातली माणसे खूश झाली. मी मात्र खुर्चीवरची उठबस मोजली, ती घटलेली होती, म्हणून तांदळाची पिशवी बाजूला ठेवून अर्ध्या मापाने सुरुवात केली आणि तीन आठवड्यांत पूर्वीच्या ठिकाणी आले.

टिकवण्याच्या काळासाठी मी एक सीमारेषा ठरवून घेतली आहे. आठवड्याची सरासरी त्या काळातल्या माझ्या सर्वांत कमी सरासरीपेक्षा दोन किलोने वर गेली तर वाट पाहायची नाही. त्याच आठवड्यात झोप, बाहेरचे खाणे आणि चालण्याची मिनिटे वहीत लिहायला सुरुवात करायची, आणि सरासरी खाली येईपर्यंत लिहीत राहायचे. गणेशोत्सवात आरत्या, प्रसाद आणि रात्रीची जागरणे यांमुळे एकदा ही रेषा ओलांडली गेली. लिहू लागल्यावर दिसले की खाण्यापेक्षा झोपेने घोटाळा केला होता. झोप साडेसात तासांवर आली तशी संध्याकाळची अनावर भूकही आवरली. दोन किलो परत येताच ते पाहणे आणि तेरा किलो परत येईपर्यंत काट्यावर पायच न ठेवणे, यांत जो फरक आहे तो मला या वर्षाने दिला.

सध्या वजन ७१ आहे, कंबर ८९ सेंटिमीटर आहे, एचबीएवनसी ५.८ आला आहे आणि तीस सेकंदांत मी सतरा वेळा उठते. डॉक्टर म्हणाले की कंबर अजून कमी व्हायला हवी, आणि ते खरे आहे. येत्या मार्गशीर्षात वर्ष पूर्ण होईल. किमान १५० मिनिटे आणि दोन दिवसांचा नियम तसाच पुढे चालू राहील, तांदळाची पिशवी पाचाऐवजी साडेसात किलोची होईल, आणि चैत्रात पुन्हा गड चढायचा आहे. माझ्याच कार्यालयातल्या दोघी जणी, ज्यांचे वजन उतरून परत आले आहे, त्यांनी सोबत येऊ का म्हणून विचारले आहे. त्यांना मी आधी रक्ताची तपासणी करून घ्यायला आणि गुडघे दाखवून घ्यायला सांगितले आहे, आणि ते झाले की सोमवारी दुपारच्या सुट्टीत, हात नसलेल्या एका साध्या खुर्चीवर, त्यांचीही तीस सेकंदांची मोजणी आम्ही करणार आहोत.